त्याच्या काचेत ती दिसत नाही

सोमवार, ४ फेब्रुवारी. संध्याकाळी ८.१०

आजपासून लेखी नोंद ठेवायची. चॅनलवाले आपल्याला मूर्ख समजतात, आणि मूर्ख समजणाऱ्यांना पुरावा दाखवावा लागतो.

आज पुन्हा तेच. प्रोफेसर नर्सकडे आला, चष्मा पुसला, आवंढा गिळला, तोंड उघडलं आणि फोन वाजला. मालिका सुरू झाल्यापासून आठ महिने हा माणूस तोंड उघडतोय. गेल्या महिन्यात दार वाजलं होतं, त्याआधी दूध उतू गेलं होतं. घराघरांत दूध उतू जातं, पण इतकं वेळेवर नाही. यामागे कोणीतरी आहे.

भाग संपल्यावर ही मला विचारते, फोन कुणाचा होता. स्क्रीनवर ढळढळीत नाव आलं होतं. लक्ष कुठे असतं हिचं कोण जाणे. मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, प्रोफेसरच्या आवाजात.

चष्म्याचं दुकान सातलाच बंद करतो ते मालिकेसाठी नव्हे. सातनंतर गिऱ्हाईक येतच नाही. समोरचा चष्मेवाला नऊपर्यंत उघडा ठेवतो, पण तो दिखाऊपणा आहे. आता त्याने मंगळवारी डोळ्यांचा डॉक्टरही बसवायला सुरुवात केली आहे. बसवू दे.

उद्याची कामं: चॅनलला पत्र. व्यायाम. हिचे डोळे तपासणे (परत आठवण केली तिने).

मंगळवार, ५ फेब्रुवारी. दुपारी

सापडलं.

दुकानात कालचा भाग मोबाइलवर पुन्हा बघत होतो. प्रोफेसरचा क्लोजअप आला तिथे थांबवला. आमच्या धंद्यात काचेवरची चमक बघूनच कोटिंग ओळखतात, त्यामुळे नजर आपोआप काचेत गेली. समोर नर्स उभी आहे म्हणतात ना? मग काचेत नर्स दिसायला हवी. काचेत दिसतोय एक दिवा, आणि हाफ पँट घातलेला एक जाडा माणूस, हातात कागद. तो नर्सची वाक्यं वाचून दाखवतोय.

मागचे बारा भाग तपासले. एकदाही त्याच्या काचेत ती दिसत नाही. दोघांना एका खोलीत उभंच केलेलं नाही. याचं शूटिंग वेगळं, तिचं वेगळं, आणि आपण इकडे जीव टांगणीला लावून बसलोय.

शिवाय चष्मा बिननंबरी आहे. नंबर असला की काचेतून गालाची कड जरा आत सरकलेली दिसते. याची कड सरळ. म्हणजे ज्याला स्वच्छ दिसतंय तो चष्मा लावून फिरतोय. अशा माणसाकडून प्रेमाची काय अपेक्षा ठेवायची.

एक बाई काउंटरवर ताटकळत होत्या. थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत. समोर गेल्या. घाई असते लोकांना.

हिचे डोळे: उद्या नक्की.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

फोटो ‘नर्सला न्याय’ ग्रुपवर टाकला. खळबळ. ग्रुपचे प्रमुख रिटायर्ड हेडमास्तर आहेत, त्यांनी लिहिलं की आपल्यासारखी नजर लाखात एकाची. नम्रता म्हणून मी उत्तर दिलं नाही.

फक्त दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शंका काढली की तो जाडा माणूस पडदा असू शकेल. पडद्याला गुडघे असतात का? ही बाई चॅनलची माणूस आहे असा मला पहिल्यापासून वास येतोय. ग्रुपवर कधी रागावतच नाही.

घरात वेगळंच. ही खुर्ची उचलून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. माझ्याकडे पाठ. का, विचारलं तर म्हणाली, सहज. सहज कुणी खुर्ची उचलत नाही. दहा मिनिटांनी खुर्ची घेऊन परत माझ्या शेजारी आली. म्हणाली, तिथून काही फरक पडत नाही, इथेच बरं. मग हळूच विचारलं, नर्स आत्ता हसली की रडली. म्हटलं, हसत हसत रडली, आणि प्रोफेसरने खिडकीबाहेर बघितलं, नेहमीसारखं बावळट. तर ही खुदकन हसली.

एवढी बारीकसारीक चौकशी कशासाठी? माझी मतं कुणाला कळवते की काय?

सोमवार, ११ फेब्रुवारी

चॅनलचं उत्तर आलं. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.’ मी चार पानी आरोपपत्र पाठवलं होतं.

हेडमास्तरांनी ठराव मांडला: पुढच्या सोमवारपासून बहिष्कार. साडेसातला सगळ्यांनी टीव्ही बंद ठेवायचा, टीआरपी आपटली की चॅनल गुडघ्यावर येईल, दोघांना एका खोलीत आणेल. अनुमोदन माझं. शपथ मीच तयार करून दिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मालिकाच बंद केली तर? याला म्हणतात खोडा घालणं.

दुकानात एकाला डावी काच उजवीकडे बसवून दिली. तो म्हणे, घरी जाताना पायरीवरून पडलो. फ्रेमचा दोष.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दुपारी ही बाहेर गेली. माझ्या बहिणीकडे जाते म्हणाली. मी बहिणीला सहज फोन केला, तर तिला वहिनीचा पत्ताच नाही.

पाचला परत आली तेव्हा डोळे विचित्र. बुबुळं नुसती काळीभोर, मोठाली. दिवा मालवायला सांगितला, उजेड सहन होईना. चहाच्या कपाऐवजी साखरेच्या डब्याला हात लावला. कुणासाठी एवढी रडली? काय झालं विचारलं, तर म्हणाली, तुम्हीच सांगा, डोळ्यांतलं तुम्हाला कळतं ना. आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर आहे. दोन आणि दोन चार. ग्रुपच्या बातम्या इथूनच जात असणार. आपल्याच घरात घरभेदी निघावा याचं फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे एकदा पुन्हा वाढून घेतलं, पण चव नव्हती.

हिच्या डोळ्यांचं काम तूर्त स्थगित. आधी संशय फिटू दे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

बहिष्कार दिवस पहिला. बरोबर साडेसातला टीव्ही बंद. मी, ही, आणि समोर काळा पडदा.

घर एवढं शांत असतं हे माहीत नव्हतं. फ्रिजचा आवाज ऐकू आला. दोघांनी बोलायचं काय? मी पंख्याकडे बघितलं. तिने पदराचा दोरा ओढला. मग म्हणाली, अहो, टीव्ही राहू दे, तुम्ही सांगा ना, आज काय झालं असतं.

नाइलाजाने सांगायला घेतलं. माझ्या भागात प्रोफेसर सरळ आत येतो. फोन आधीच बंद करून ठेवतो. दूध गॅसवर नाही. नर्सला म्हणतो, बाई गं, मला बोलता येत नाही, पण तू नसलीस की मला घरात दिवा लागलाय की नाही तेसुद्धा कळत नाही. हिने दोरा ओढायचा थांबवला. नंतर म्हणाली, हे खऱ्या मालिकेपेक्षा बरं आहे, उद्याही सांगा.

उद्याही म्हणजे? माहिती काढायची ही जुनी पद्धत आहे. मी सावध झालो आणि पुढचं सांगितलं नाही.

सात पन्नासला मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेलो. शत्रूवर पाळत ठेवणं म्हणजे बहिष्कार मोडणं नव्हे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

ग्रुपवर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की काल टीव्ही लावला नाही. त्यानंतर हेडमास्तर भडकले की नर्सने काल ती मोरपंखी ओढणी प्रोफेसरच्या भावाच्या हातातून घेतलीच कशी. सगळे भडकले. मीही भडकलो. नंतर लक्षात आलं की यांना ओढणी मोरपंखी होती हे कसं कळलं? एकजात सगळे चोर. माझी गोष्ट वेगळी.

दुपारी ही पुन्हा बाहेर. आज म्हणाली, काम आहे. बहीणसुद्धा सांगितली नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मालिका बंद होतेय. पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग.

हेडमास्तरांनी ग्रुपवर फक्त मी लिहिलेली शपथ पुन्हा टाकली, खाली माझी सही. आणि ग्रुप सोडला. बाकीचे मला विचारतायत आता काय. मी लिहिलं की ही चॅनलची हूल आहे, घाबरू नका. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून आम्ही दोघी तो अर्धा तासच काय ते एकत्र हसायचो. चॅनलची बाई असं का लिहील, हे काही जुळेना. दिवसभर जुळेना.

हिला बातमी सांगितली. हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, मग साडेसातला काय करायचं? म्हटलं, दुसरी लागेल ना एखादी. तिने वाटी पुन्हा धुवायला घेतली. तिला नर्सचा एवढा लळा असेल असं वाटलं नव्हतं.

बहिष्कार तात्त्विक कारणांनी मागे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी. दुपारी ४

आज सोक्षमोक्ष. ही तीनला निघते हे माहीत होतं. दुकानात फ्रेमच्या स्टँडमागे लपून रस्त्यावर नजर ठेवली.

आली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावरून सरळ पुढे गेली. रस्ता ओलांडताना अंधारात चालल्यासारखी एक हात पुढे धरून चालत होती. आणि समोरच्याकडे शिरली. चष्मेवाल्याकडे.

तो हसून उठला. खुर्ची दिली. हिच्या नाकावर चाचणीची फ्रेम ठेवून एक एक काच बदलत राहिला. तिने अक्षरांच्या पाटीकडे बघून काहीतरी वाचलं आणि तोंडावर हात धरला. मला इथूनही दिसत होतं की त्याने फ्रेम एका बाजूला तिरकी बसवली आहे.

पुष्कळ विचार केला. एकच अर्थ निघतो. ही माझ्यासाठी त्याचे भाव काढायला गेली असणार. आधी सांगितलं असतं तर काय भाव विचारायचे ते लिहून दिलं असतं. तोवर हातातली एकच काच मी चारदा पुसली. एसीमुळे वाफ धरते.

शुक्रवार, १ मार्च. संध्याकाळी ८.१५

शेवटचा भाग.

प्रोफेसर आला. चष्मा पुसला. मी श्वास रोखला. फोन वाजला नाही. क्लोजअप आला, आणि त्याच्या काचेत ती होती. खरोखर होती, मोरपंखी ओढणीसकट. एका खोलीत, समोरासमोर. मी ओरडलो, अगं बघ, काचेत बघ, आली.

वळून बघितलं तर ही टीव्हीकडे बघतच नव्हती. नवा चष्मा लावून माझ्याकडे बघत होती. तपकिरी फ्रेम, समोरच्या दुकानातली, मी ओळखतो.

म्हणाली, किती पिकलात हो तुम्ही.

मग शांतपणे सांगत गेली. गेल्या उन्हाळ्यापासून तिला टीव्हीवर नुसते रंग दिसत होते. नर्सचं तोंड कसं आहे ते आज पहिल्यांदा कळलं, आणि तिला काही ती विशेष वाटली नाही. मी विचारलं, मग एवढे महिने बघत काय होतीस? म्हणाली, बघत कुठे होते, तुमचं ऐकत होते. एरवी तुम्ही घरात कुठे बोलता. मी म्हटलं, डोळ्यांचं मला सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं की. आणि पुन्हा टीव्हीकडे वळली. तिकडे नावं पळत होती. प्रोफेसर काय बोलला ते दोघांनीही ऐकलं नाही.

मला फार लाज वाटली. हे इथे लिहितो कारण कोणी वाचणार नाही. तिच्या काचांत मी दिसत होतो, हातात रिमोट, तोंड उघडं. कोटिंग चांगलं आहे. आपल्याकडे ते मिळत नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द तयार होते, मीच त्या प्रोफेसरला दिले होते. आवंढाही गिळला. तेवढ्यात तिने चष्मा काढून पुढे केला. म्हणाली, नाकावरून जरा घसरतोय, आवळून देता का?

उद्या बघतो, असं तोंडून निघून गेलं.

म्हणाली, राहू दे. समोरचे लगेच करून देतात.