देवाशपथ बंद

रविवार, ३ मार्च. दुपारी.
आजचा उपदेश नेमका माझ्यावरच होता. पाळकसाहेब म्हणाले, देवाचं नाव पवित्र मानलं जावं असं आपण रविवारी एका सुरात म्हणतो आणि सोमवारी तेच नाव खोट्याला टेकू म्हणून लावतो. म्हणताना माझ्याकडेच बघत होते. चष्मा पुसत होते, पण रोख कळतो. 
हेडबाई म्हणजे मी ज्या पाच मजली बिल्डिंगची लिफ्ट सांभाळतो तिच्या सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. गेल्या महिन्यात त्यांना मी सांगितलं, लिफ्टचा ब्रेक तपासलाय, देवाशपथ. तपासला नव्हता. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मधमाश्यांचं पोळं आहे. मेकॅनिक झाला म्हणून माणसाने किती करायचं? तपासणीच्या कार्डावर टिक मारून सही केली.
संकल्प: उद्यापासून देवाशपथ बंद. मनगटाला रबरबँड. शब्द निघाला की चटका.

मंगळवार, ५ मार्च.
चटके: काल अकरा, आज चार. प्रगती. देवाशपथऐवजी आता आईशपथ म्हणतो. सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात.

बुधवार, ६ मार्च.
आईला सकाळपासून सात शिंका. माझ्याही आईशपथा सातच. आईशपथ बंद.
जेवताना प्रार्थना करायचीही धास्ती वाटली. देवाचं नाव चुकून हलकं निघालं तर? म्हणून प्रभूची प्रार्थना, नाव पवित्र मानण्याची सुरुवात गाळून, थेट रोजच्या भाकरीपासून सुरू केली. आईने डोळे उघडून पहिली ओळ कुठे गेली ते विचारलं. मी म्हटलं, नाव घेतलंच नाही तर खराब कसं होईल? ती म्हणाली, मग दातही वापरू नकोस, किडणार नाहीत.
आईला अध्यात्मातलं बारीक कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी.
हेडबाईंचा फोन. लिफ्ट थांबताना वीतभर खाली घसरते म्हणे. आज संध्याकाळची प्रार्थनासभा त्यांच्याच घरी, पाचव्या मजल्यावर. ब्रेक पाहिलाय ना, असं विचारलं. जीभ सवयीने निघाली होती. चटका मारला आणि नुसतं हो म्हटलं. त्या म्हणाल्या, बदललात हो तुम्ही, पूर्वी शपथेशिवाय बोलायचा नाहीत, आता कसा पक्का विश्वास वाटतो.
 पण नाव वाचलं! खोटं आहे ते माझं पर्सनल, देवाचा त्यात संबंधच नाही. तरी दुपारी वर जाऊन ब्रेक पाहीन.

दुपारी तीन.
जेवण जड झालं. उद्या नक्की.

संध्याकाळी साडेसात.

सहाला पोचलो. मी जिन्याने जाणार होतो, तब्येतीसाठी. आई, पाळकसाहेब आणि मंडळीतले चौघे लिफ्टपाशी उभे. आईने सगळ्यांसमोर विचारलं, बरी आहे ना रे? मी हो म्हटलं. ती पाळकसाहेबांना कौतुकाने म्हणाली, आता हा शपथा घेत नाही, याचं हो म्हणजे हो. आणि आत शिरली. दार लागायला दोन सेकंद होते, मला थांबवता आलं असतं. मी पाळकसाहेब काय म्हणतील याचा विचार करत बसलो.
तिसऱ्या मजल्यापाशी आवाज झाला. लिफ्ट घसरत खाली आली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतून आई मला हाका मारत होती.
पाच मजले कसे चढलो माहीत नाही. तोंडाने देवा, देवा, देवा. चटके मोजले नाहीत. मधमाश्या तीन ठिकाणी चावल्या. ब्रेकचं लायनिंग झिजून कागद झालेलं. मेन स्विच बंद करून हाताने चाक फिरवत लिफ्ट इंचाइंचाने खाली घेतली. हात सुटला असता तर माझी आई गेली असती. एवढा मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो.
सगळे धडधाकट बाहेर आले. पाळकसाहेबांनी मला मिठी मारली, प्रभूने या भावाच्या हातून वाचवलं म्हणाले, आणि तिथेच सगळ्यांपुढे देवाच्या करणीची साक्ष द्यायला उभं केलं. मी सांगितलं, ब्रेक मी तीन महिने पाहिलेला नाही.
कुणी आमेन म्हटलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च.
पाळकसाहेब घरी आले. मी म्हटलं, निदान देवाचं नाव तरी मी यात आणलं नाही. ते म्हणाले, अख्खी बिल्डिंग तुला देवाचा माणूस म्हणून ओळखते, तुझं नुसतं हो सुद्धा त्याच्याच नावावर चालतं.
मग गेली वीस वर्षं मी त्या नावाचं काय करत होतो? भीती वाटते. ही भीती रबरबँडने जाणारी नाही.

गुरुवार, १४ मार्च.
पोळं काढलं. नवं लायनिंग बसवलं. स्वतः आत बसून लिफ्ट तीस वेळा वरखाली केली.
संध्याकाळी पुन्हा सभा. मी दार उघडं धरून सांगितलं, लिफ्ट आता अगदी ठीक आहे. आई जिन्याकडे वळली. तिच्या गुडघ्यांना दोन पायऱ्याही जड जातात. मी म्हटलं, आई, या वेळी खरंच तपासलीय गं. ती म्हणाली, तुला माफ केलंय रे बाळा, पण मला वर पोचायचंय. कठडा धरून चढायला लागली. मागोमाग पाळकसाहेब, मग बाकीचे.
मी एकटाच लिफ्टने गेलो. पाचव्यावर बरोबर थांबली, केसभरही इकडेतिकडे नाही. बघायला कोणी नव्हतं.