मुलगी म्हणून लिहा

शेलू
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय अपेक्षा,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण ड्यूटीला जातो. शेजारच्या अंबूबाई भाकरी आणून देतात आणि दर वेळी विचारतात, "पोरगी कधी येनार हाय?" मी म्हणतो, परीक्षा आहे.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "काका, आता आई नाही. तुम्ही माझी फी का भरता? मी विद्यापीठ सोडते, नेरळला नोकरी बघते." मी नंतर बोलू म्हणालो आणि फोन ठेवला. बोलण्यात मी कच्चा, हे तुझ्या आईलाही माहीत होतं. म्हणून हे पत्र.

शुक्रवारी रसायनीला कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेलो होतो. या दिवसांत करसवलतीचे कागद द्यावे लागतात. मुलांच्या शिक्षणाची फीसुद्धा त्यात धरतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. सफुरा मॅडमनी तुझी पावती पाहिली. "हॉस्टेलचे, डेव्हलपमेंटचे पैसे धरता येत नाहीत. फक्त ट्यूशन फी." मग एका ओळीवर बोट ठेवलं. "पण वडिलांचं नाव इथे नरेश आहे. तुम्ही हिचे कोण?"

मी सांगितलं, नरेश तिचे वडील. ती लहान असतानाच वारले. तिच्या आईशी मी लग्न केलं. दत्तक वगैरे काही घेतलेलं नाही. आणि पौर्णिमा गेल्या जूनमध्ये... मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"सावत्र मूलही कायद्यानं मूलच असतं, रत्नदीपभाऊ," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हिशेब मांडला आणि त्यांचाच चेहरा पडला. पीएफ आणि घराच्या कर्जाचे हप्ते यांतच माझी सवलतीची मर्यादा संपली होती. "फी दाखवून एक रुपयासुद्धा वाचणार नाही. नाही लिहिली तरी चालेल."

"लिहा," मी म्हणालो.

"अहो, पण उपयोग काय?"

"नाय मॅडम, लिहाच. मुलगी म्हणून लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. बाहेर आल्यावर कंपनीची बस निघून गेलेली. फाटकाशी बराच वेळ उभा होतो, पण बस चुकल्याचं काही वाटलं नाही.

फोनवर तुला द्यायचं उत्तर एवढंच होतं.

सुट्टीच्या दिवशी टीव्ही चालू ठेवतो, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलो.

पुढच्या सहामाहीची फी भरली आहे. नोकरी कर, पण पदवी हातात आल्यावर. पावतीवर नरेशचं नाव आहे ते तसंच राहू दे. मला काका म्हणतेस, तेच म्हण. सुट्टी लागली की घरी ये.

थकलोय गं. पण तुझ्यामुळे नाही.

तुझा,
रत्नदीपकाका