सलग तीन हजार

३ तारीख, सोमवार
सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाची टेस्टिंग आजपासून माझ्याकडे. बॉस म्हणाले, सही तुमचीच. आपल्याला स्टॅटिस्टिक्स येतं हे शेवटी कुणाच्या तरी डोक्यात शिरलं. हिशेब सोपा आहे. सलग तीन हजार टेस्ट एकही चूक न होता पार पडल्या, की पंप हजारात एकापेक्षा कमी वेळा बिघडेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. मधे एक जरी फेल झाली, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. शुक्रवारपर्यंत उरकतो.

पहिले पंप ताईच्या वॉर्डात जाणार. ती हेडनर्स आहे आणि मला अजून धांदरट म्हणते. आता कळेल.

४ तारीख
४१२ वर फेल. पंप चालू असताना डोस कमी केला, तर स्क्रीनवर नवा आकडा, आत मात्र जुनाच वेग. योगायोग असणार. शून्यापासून.

६ तारीख, सकाळी ११
१९०७ वर फेल. पुन्हा तेच. पण चालू पंपाचा डोस बदलतं कोण? प्रोग्रॅमर म्हणतो, दुरुस्तीला तीन आठवडे. बॉस म्हणतात, सोमवार.
डोकं शांत ठेवायचं. चहा कमी करायचा.

दुपारी ४, चौथा चहा
सापडलं! कुठल्या टेस्टमध्ये कुठली बटणं दाबायची, हे कॉम्प्युटर एका सुरुवातीच्या आकड्यावरून ठरवतो, आणि तो आकडा दर टेस्टला बदलतो. सगळी गडबड त्या चंचलपणात आहे. १७ टाकून पाहिला, पास. मग १७च कायम केला. कामाला शिस्त लागते.

७ तारीख
८४०. एकही फेल नाही.

१० तारीख, सोमवार
३०००!!! बॉसनी पाठ थोपटली. सही केली. सुटीवरून परतलेल्या ज्युनिअर बाईंनी तेवढ्यात नाक खुपसलं. म्हणाल्या, सर, या तीन हजार टेस्ट नाहीत, एकच टेस्ट तीन हजार वेळा केलीय. मी म्हणालो, सातत्य म्हणतात त्याला. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पटलं असावं.

१२ तारीख
बायको म्हणाली, झोपेत सतरा सतरा काय बडबडत होतास? कामात जीव ओतला की असं होतं. पंप रवाना झाले. ज्युनिअर बाईंचं म्हणणं ताईला फोन करून सांगावं का? उगाच घाबरेल. रविवारी बघू.

१६ तारीख, रविवार
फोन राहिला.

१९ तारीख, बुधवार, दुपार
ताईचा फोन. आज पहिला पंप लावला. पेशंटला रक्तदाब कमी करायचं औषध चालू होतं, तो फारच उतरायला लागला म्हणून तिने डोस कमी केला. स्क्रीन बदलली, वेग बदलला नाही. चालू पंपाचा डोस तुम्ही बदलता का, असं मी विचारलं. म्हणाली, दिवसभर दुसरं काय करतो आम्ही?

पेशंट बरा आहे. मिनिटभरात तिच्या लक्षात आलं आणि तिने नळी बंद केली. मला रडू आलं. इतक्या लवकर कसं कळलं, विचारलं. म्हणाली, पेटीवर 'तपासले'च्या खाली तुझी सही दिसली, तेव्हाच मी खुर्ची ओढून थेंब मोजायला बसले.