कागदावर बावखल नाय

डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात नवी असताना मी पहिली बोलणी खाल्ली ती अर्नाळ्याच्या एका कोळणीसमोर. मी ऐटीत 'पाणी उकळून प्यावे' असं लिहिलं आणि तुम्ही चिठ्ठी फाडलीत. "कुठलं पाणी पिते ते विचारलंस?" माझे कान लाल झाले. औषधं देऊन साथी थांबत नाहीत, वर कुणीतरी डॉक्टर हवा, हेही तुम्हीच म्हणायचात. म्हणून तुम्ही गेल्यावर मी जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली आणि ठाण्याला आरोग्य समितीवर बसले. बसले म्हणजे नुसती बसलेच! ब्लीचिंग पावडर हवी तर तीन सह्या, सही करणारे साहेब रजेवर, तोवर चहा घ्या. डोकं फिरायचं. शेवटी वैतागून पावडरीचा तक्ता मीच भर बैठकीत लिहून दिला: गाव, विहीर, तारीख.

त्या उन्हाळ्यात भुईगावात जुलाब-उलट्यांची साथ आली. मी धावत गेले. ओट्यावर एक आजी बसली होती. तिची नात आदल्याच दिवशी गेली होती. "डाक्टरीनबाय, तुमचा मानूस आलता. विहिरीत पावडर टाकून गेला. उन्हाळ्यात ती विहीर खारी, तिचं पानी ढोरंबी पीत नाय. आमी बावखलाचं पितो."

"मग त्याला सांगायचं ना!"

"सांगितलं. तो बोलला, कागदावर बावखल नाय."

वाडीवाडीतली ही गोड्या पाण्याची तळी बघत मी वाढले. वसईची पोर मी, आणि लिहिताना मला तो शब्द सुचला नाही. चीड येते हो, अजून येते.

पुढच्या सभेत मी टेबल आपटून जाब विचारला. साहेबांनी पावडर टाकणाऱ्या त्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने तक्त्याप्रमाणेच काम केलं होतं, आणि तक्ता माझ्या अक्षरात होता. मी गप्प बसले. त्याची नोकरी गेली. नंतर फायलीमागे चपला झिजवून मी बावखलाचा रकाना मंजूर करून घेतला, त्याबद्दल नारळ-शाल देऊन माझा सत्कारही झाला. तो माणूस नालासोपाऱ्यात राहतो, पत्ता माझ्याकडे आहे. पत्र खरं तर त्यालाच लिहायला हवं. तुम्हांला लिहिलं, कारण तुमचं पोस्टात टाकावं लागत नाही.