चाऱ्याची कृती

अहो,

या खेपेला नमस्कार नाही, आधी राग घ्या. फोनवर तुम्ही मधेमधे बोलता, म्हणून पत्र.

लेक आणि बाळ सुखरूप आहेत. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

डॉक्टरांनी तुम्हाला रोज सॅलड खायला सांगितलं, तर परवा मला विचारलंत, "त्या पाल्यावर काय घालू म्हणजे घशाखाली उतरेल?" वा! माझ्या वाढदिवसाला शेजारच्या वहिनींसमोर "हा गुरांचा चारा कोण खाणार?" म्हणत ताट कुणी सरकवलं होतं? सगळे हसले. मीही हसले, पण ते मनात ठेवून.

इथे जावई बोटं चाटतो. दह्यात ठेचलेला लसूण, लिंबू, मिरपूड आणि थोडा मध घालून घुसळते. वर भाजलेले तीळ आणि शेंगदाणे, तेही वाढताना, म्हणजे कुरकुरीत राहतात. सुटलं ना तोंडाला पाणी? सुटू दे. कशाचं किती, ते मी सांगणार नाही.

बीपी तपासलंत का? गोळी चुकवू नका. आणि बाथरूमची कडी लावू नका, पाय घसरला तर दार कोण उघडणार?

प्रमाण वहिनींना सांगून ठेवलंय. संध्याकाळी जिन्यापाशी सगळे जमतात, तेव्हा जा आणि विचारा, "वहिनी, चारा कसा करायचा?" हळू बोललात तर त्यांना ऐकू येणार नाही. तसं ठरलंय आमचं.

चारा करणारी,
तुमचीच