तांब्याची शीर तुटली

राजस्थान, मार्च १९७९

सौ. जयवंता, तुले अन् लेकरांले आशीर्वाद.

मी खुशाल आहे, जेवण बरं मिळते. आईचे गुडघे कसे आहेत?

तुले इकडं ये म्हणून लिहिलं, अन् इथं गोंधळ झाला. खाणीत दगडातली तांब्याची शीर एकाएकी संपली. ती सापडली नाई तर खाण बंद होईल म्हणतात.

आमचे भूगर्भवाले सप्रे साहेब म्हणाले, "फार पूर्वी खालून वितळलेला दगड वर घुसला. त्याच्या गरम पाण्यानं भेगांत तांबं आणून ठेवलं. मग जमीनच चिरली आणि अर्धी शीर सरकली."

"कोणीकडे?"

ते आधी वर म्हणाले, मंग खाली. भेगेनंच तांबं आणलं अन् भेगेनंच नेलं! मले काही समजून नाई राह्यलं.

वर भोक पाडलं, तर कोरा दगड निघाला. काल खालच्या भोकातून तांब्याच्या कच्च्या दगडासारखी पिवळी चमक आली. मी धावत विचारलं, "साहेब, आता बायकोले बोलावू का?"

चमकेकडे पाहत ते म्हणाले, "मी माझ्या बायकोला अजून बोलावलेलं नाही."

म्हणून बांधलेलं सामान सोडू नको, पण देवळीहून एस.टी.तही बसू नको.

तुझाच,
पुंडलिक