मालकीणबाईंची सही

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

थोरली बहीण म्हणजे कोण, असा प्रश्न पडला असेल तर सांगते: तुला कडेवर घेऊन जिची कंबर वाकडी झाली, ती मी. मागच्या पत्रात तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. बाबा रे, गुडघा तुझ्या बायकोचा दुखतो, माझं ब्लडप्रेशर आहे. तरी विचारलंस, माझ्या गुडघ्याला बरं वाटलं. पत्र नात लिहितेय. ती म्हणते, आजी, मुद्द्यावर ये. मुद्दा काय पळून जातोय?

तर मी वर्तमानपत्राची मालकीण झालेय. दचकू नकोस, घर विकलेलं नाही. आमच्या गावाचं छोटं वर्तमानपत्र आहे, नात रोज मला वाचून दाखवते. त्यात छापलं होतं की कोपऱ्यावरचा दवाखाना नऊला उघडतो. मी दहापर्यंत बंद शटरशी गप्पा मारल्या आणि तशीच तणतणत त्यांच्या कचेरीत गेले. (कचेरी म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. इस्त्रीच्या वाफेने जिना इतका गरम, की वर पोचेपर्यंत माणूस भांडायला तयारच होतो.) म्हटलं, मालकाला बोलवा. संपादकबाई टेबलाखाली चष्मा शोधत होत्या, तो त्यांच्या डोक्यावर होता. म्हणाल्या, मालक कुणीच नाही, हे सभासदांच्या वर्गणीवर चालतं, नफा कुणाच्या घरी जात नाही आणि ज्याला वर्गणी झेपत नाही त्यालाही बातमी मिळते. मी विचारलं, मग चुकलं तर ओरडायचं कुणावर? म्हणाल्या, “आमच्यावर. सभासद व्हा, म्हणजे हक्काने ओरडता येईल.” झाले सभासद, म्हणजे मालकीणच की. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘आमची चूक झाली’ असं चक्क छापलं. (हे वाक्य तुझ्या भावोजींच्या तोंडून पन्नास वर्षांत ऐकलं नाही. छापून आलंय म्हटल्यावर डोळेच भरून आले.)

त्यांच्याकडे बातमीदार दोन आणि गावात सभा बारा. म्हणून सभासदच आळीपाळीने पालिकेच्या सभेला जाऊन बसतात आणि काय झालं ते कळवतात. मी म्हटलं, बसायचं काम मला जमतं. लिहिता येत नाही हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, ऐकू येतं ना? बस.

सभेत प्रेक्षकांच्या चाळीस खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर मी. अध्यक्ष म्हणाले, “आजी, चुकून आलात का?” म्हटलं, “नाही हो, मुद्दाम.” तासाभराने मी डोळे मिटले. (झोपले नव्हते. नात खोकतेय, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.) म्हातारी घोरतेय म्हटल्यावर मंडळी मोकळी झाली. चहाच्या आधी अध्यक्षांनी घाईघाईने उरकलं: दवाखाना दुरुस्तीसाठी बंद करू, मग दुरुस्ती लांबवू, मग तिथे गाड्या लावायची सोय करू. मी कचेरीत जाऊन शब्दन् शब्द सांगितला, मधल्या दोन खोकल्यांसकट. बाईंनी लगेच नाही छापलं. सभेला हजर असलेल्या एका सदस्याला विचारलं, तो म्हणाला, माझं नाव घालू नका, पण खोकल्यांसकट बरोबर आहे. तेव्हा कुठे बातमी आली.

आता अध्यक्ष म्हणतात, मी असं बोललोच नाही, त्या बाईला सही तरी करता येते का? पुढच्या सभेत माझी जबानी वाचली जाणार आणि तिथेच सगळ्यांसमोर मी ती खरी म्हणून सही करायची. माझा शब्द खोटा पडला तर दवाखाना गेला. मग ब्लडप्रेशर मोजायला दोन बस बदलायच्या, म्हणजे पोचेपर्यंत मोजण्याची गरजच उरणार नाही. संपादकबाई म्हणतात, अंगठा चालतो, त्यात लाज कसली. लाज नाहीच. पण त्या माणसाला मला अंगठा दाखवायचाय, त्याच्यापुढे लावायचा नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. मला कसलीही भीती वाटत नाही. बायकोच्या गुडघ्याला माझा नमस्कार.

ता.क. माझं नाव मोठ्ठं लिहून पाठव, वर गिरवता येईल असं. नातीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. तू शाळेत जायचास तेव्हा मी घरी बाकीची भावंडं सांभाळायचे. पुढे मास्तर होऊन हजार पोरांना गिरवायला दिलंस, एक हजार एकावी मी. उशीर तू केलास, मी नाही.

ता.क. दुसरा. भीती वाटत नाही हे खोटं आहे. सभेच्या दिवशी येऊन शेजारी बसलास तर बरं. त्या एकोणचाळीस खुर्च्या फार रिकाम्या दिसतात रे.

ता.क. तिसरा. येताना शेंगदाणे भाजून आण, बिनमिठाचे. येणं जमलंच नाही तर पाठव, पण पुडी छापील कागदाची बांध. दाणे संपले की माझी अक्षरं शोधत बसेन.